वर्डमध्ये पुस्तकाची पानं लावताना

हस्तलिखिताची फाइल आली की मी फॉण्टला हात लावत नाही. आधी पानाचा आकार ठरवते. ए-फाइव्ह असेल तर 148 बाय 210 मिलिमीटर. आकार शेवटी बदलला की सगळं पुन्हा लावावं लागतं.

मग समास. पेज सेटअपमध्ये ‘मिरर मार्जिन्स’ निवडा, म्हणजे डाव्या-उजव्याऐवजी आतला आणि बाहेरचा समास मिळतो. बाहेर 15 मिलिमीटर पुरतात, आत मी 20 ठेवते. पुस्तक जाडजूड असेल तर 25. बांधणीत ओळीचं टोक गडप झालं की वाचणाऱ्याला पुस्तक ताणून धरावं लागतं, आणि ते मला सहन होत नाही.

नवं प्रकरण एंटर दाबदाबून पुढच्या पानावर ढकलू नका. मी लावलेल्या पहिल्याच कादंबरीत तसं केलं होतं. लेखिकेनं दुसऱ्या प्रकरणात चार ओळी वाढवल्या आणि पुढची सगळी प्रकरणं पानाच्या मध्येच सुरू झाली. रात्रभर बसून एकेक एंटर काढला. आता प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग 1’ देते आणि त्याच स्टाइलमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’ला टिक करते. अनुक्रमणिकाही त्यातूनच आपोआप तयार होते. प्रकरण उजव्या पानावरच हवं असेल तर त्याऐवजी ‘ऑड पेज’ सेक्शन ब्रेक, म्हणजे फाइलचा नवा भाग सुरू करणारी खूण, घाला. पृष्ठांक 13 वरून थेट 15 वर गेलेला दिसला तर घाबरू नका, मधलं कोरं पान छपाईत येतं.

सुरुवातीच्या पानांवर पृष्ठांक नको असेल, तर पहिल्या प्रकरणाआधी सेक्शन ब्रेक हवाच. मग त्या प्रकरणाच्या फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळपट्टीत, आधी ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा, मगच आकडा घाला आणि तो 1 पासून सुरू करा.

देवनागरीची खरी परीक्षा ओळींमधल्या अंतरात असते. 12 पॉइंटच्या अक्षराला मी ‘एक्झॅक्टली’ 18 पॉइंट देते. त्याहून कमी करायचं असेल तर आधी ‘मूर्तींना’ हा शब्द टाइप करून बघा. खाली ऊकार; वर वेलांटी, रफार, अनुस्वार. यातलं काहीही कापलं गेलं तर अंतर वाढवा. आणि अक्षराचा आकार स्टाइलमध्ये बदलूनही मराठी मजकूर हलत नसेल, तर फॉण्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा आकडा बदला, देवनागरी त्याचंच ऐकते.

शेवटी पीडीएफ काढा आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉण्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉण्ट फाइलमध्येच सामावलेला) आहे ना, ते बघूनच फाइल छपाईला द्या.