लाकडी कपाटाला गुळगुळीत रंग, घरच्या घरी

ऑइल पेंट चकाकतो, आणि चकाकतो म्हणूनच चुगली करतो. खाली ओरखडा असेल, जुन्या रंगाचा पोपडा अर्धवट निघालेला असेल, तर दुकानातला सगळ्यात महागडा डबा आणलात तरी तो दोष झाकत नाही, उलट उजेडात दाखवतो. म्हणून कुणी मला "कुठल्या कंपनीचा रंग घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, घासायची तयारी आहे का?

सध्या ठाण्याच्या आमच्या गॅलरीत आंब्याच्या लाकडाचं एक बुटकं कपाट आहे. दोन पल्ले, आत तीन फळ्या, वर कुणीतरी कधीकाळी फासलेला हिरवा रंग. त्याच्यावरूनच सांगते. (कपाट सागवानी किंवा शिसवी असेल तर कृपा करून हे वाचू नका. त्याला पॉलिश करा. त्यावर रंग फासणाऱ्यांशी माझं पटत नाही.)

बिजागऱ्या, कडी, हँडल आधी काढा. बिजागरीला वाचवत वाचवत ब्रश फिरवला की तिथेच रंग साचतो. मग साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, स्वयंपाकघरातलं कपाट असेल तर धुण्याच्या सोड्याने, आणि नंतर साध्या पाण्याने. घासण्याआधी पुसायचं, नंतर नाही. तेलकट थरावर पॉलिश पेपर चालवला तर ते तेल लाकडाच्या रेषांत जाऊन बसतं आणि वरचा रंग तिथे धरत नाही.

जुना रंग असेल तर एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं. म्हणून असा रंग कोरडा घासून धूळ उडवायची नाही. वॉटर पेपर ओला करून घासा, एन-९५ मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका, आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. सगळा रंग खरवडायची गरजही नसते. जो घट्ट बसलाय तो राहू दे, फक्त त्याची चकाकी मारा. पोपडे मात्र पत्र्याने (रंगाऱ्याच्या चपट्या पात्याने) काढायचेच.

उघडं लाकूड कोरडंच घासायचं. ८० नंबरचा पेपर फक्त खडबडीत जागेला. मग १२०, मग १८० किंवा २२०. मधला नंबर गाळून थेट २२० वर उडी मारली तर ८० चे ओरखडे तसेच राहतात आणि रंगाच्या दुसऱ्या हातानंतर दिसायला लागतात. पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून धरा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखाली खळगे पडतात. हात रेषांच्या दिशेनेच चालवायचा, आडवा नाही. धारदार कडा जराशा मोडा, कारण टोकदार कडेवर रंग टिकत नाही, तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि पहिला टवका तिथूनच निघतो.

आता घट्ट पिळलेलं ओलं फडकं एकदा लाकडावरून फिरवा आणि वाळू द्या. हात लावलात तर बारीक तंतू उभे राहिलेले जाणवतील. ते आत्ताच १८० ने हलक्या हाताने कापले नाहीत तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, लावल्यावर उभे राहतील. मग खोलीतला दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक खळगा सावली टाकतो. मी खडूने तिथे खुणा करते.

लांबी, म्हणजे खळगे बुजवायचा लगदा, भरायची ती पहिल्या प्रायमरनंतर. कोऱ्या लाकडावर लांबी लावली तर लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं, मग ती भुसभुशीत होऊन गळते. तेव्हा टर्पेंटाइन घालून पातळ केलेला वुड प्रायमर आधी, एक हात. तो वाळला की चॉक पावडरमध्ये थोडा वुड प्रायमर आणि थोडं वार्निश घालून मळा, श्रीखंडाइतकं घट्ट. पत्र्याने दाबून भरा आणि वरचं सगळं ओढून काढा. खोल भोक दोन वेळा भरा. एकदम जाड भरलं तर वरून कडक होतं आणि आत मऊ राहतं. भिंतीची पुट्टी लाकडाला चालत नाही. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आक्रसतं, ती सिमेंटची पुट्टी हलत नाही, तडकते. लांबी वाळल्यावर २२० ने घासा आणि प्रायमरचा दुसरा हात द्या, नाहीतर जिथे लांबी आहे तिथे रंग शोषला जाऊन मंद डाग दिसतात. पॅकिंगच्या पाइनचं फर्निचर असेल तर गाठींवर प्रायमरआधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा (लाखेच्या पापुद्र्यांचा) हात मारा. गाठीतला चीक पांढऱ्या रंगातून पिवळा होऊन वर येतो.

रंग कुठला? ऑइल पेंट सावकाश वाळतो, त्यामुळे ब्रशच्या रेषा आपोआप बसतात. पण पांढरा असेल तर पिवळसर पडतो, आणि बंद कपाटाच्या आत, जिथे उजेड नाही, तिथे जास्तच. पाण्यातला एनॅमल पिवळा पडत नाही, वासही कमी, पण भरभर वाळतो आणि रेषा राहण्याची भीती असते. मी बाहेरून ऑइल पेंट आणि आत पाण्यातला पांढरा वापरते. एनसीचा (नायट्रोसेल्युलोजचा) रंग ऑइल पेंटवर मारू नका. त्याचा थिनर खालचा थर सुरकुतवून उचलतो.

आमचे हार्डवेअरवाले काका म्हणतात, "ताई, एकच हात जाड मारा, झाकून जाईल." झाकतं, आणि संध्याकाळपर्यंत ओघळतंही. पातळ तीन हात.

डबा हलवायचा नाही, काडीने तळापासून ढवळायचा. हलवला की बुडबुडे येतात. हवा तेवढाच रंग वाटीत घ्या, ऑइल पेंट असेल तर शंभराला पाच ते दहा भाग टर्पेंटाइन घाला आणि जुन्या नायलॉनच्या ओढणीतून गाळा. नव्या डब्यातही गुठळ्या असतात. पंखा बंद. जमिनीवर थोडं पाणी शिंपडा, धूळ बसते. पल्ले उभे न ठेवता दोन स्टुलांवर आडवे ठेवा, निम्मे ओघळ तिथेच टळतात.

दोन इंची ब्रश, केस एक तृतीयांशच बुडवायचे. आधी पल्ल्याचे खाचेतले कोपरे, मग मधली फळी, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. एका जागी रंग लावा, आडवा पसरवा, आणि मग जवळजवळ रिकाम्या ब्रशने, टोकापासून टोकापर्यंत, न थांबता एक उभा हात फिरवा. त्यानंतर त्या जागेकडे बघायचं नाही. पाच मिनिटांनी "इथे जरा राहिलंय" म्हणून ब्रश लावलात की अर्धवट धरलेला रंग ओढला जातो.

दुसऱ्या दिवशी ४०० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा, चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मंदपणा येईपर्यंत. पुसा, वाळवा, पुढचा हात. शेवटच्या हातानंतर घासायचं नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत रंग चिकट राहतो. ऑक्टोबरच्या दुपारीही नको, ब्रश ओढला जातो. दसऱ्यानंतर सकाळी लवकर सुरू करावं.

टर्पेंटाइनचे, तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेलकट रंगाचे बोळे साठले की आपोआप तापून पेटू शकतात. उघडे पसरून वाळवा, मगच टाका.

रंग हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला निदान आठवडा जातो. तोवर फळ्यांवर वर्तमानपत्र घालू नका, अक्षरं उलटी उमटतात. डबे ठेवू नका, त्यांचे बुड चिकटतात. उरलेला रंग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, साय धरत नाही. बाटलीवर रंगाचा नंबर लिहा, कारण बिजागरीच्या स्क्रूजवळ टवका निघणारच आहे.