राज्याचा रोजगार, महागाई आणि धंदापाणी आकड्यांतून कसं पाहावं

राज्यात धंदापाणी कसं चाललंय हे शेअर बाजाराच्या निर्देशांकावरून ठरवू नका. त्यावरून बीड-भंडाऱ्याची परिस्थिती कळत नाही. एक्सेलची एक फाइल करा आणि दर तिमाहीला तेच आकडे त्याच रकान्यांत भरा.

महागाईचं काम सोपं आहे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय दरमहा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं, त्यात महाराष्ट्राचे ग्रामीण आणि शहरी आकडे वेगवेगळे असतात. दोन्ही उतरवा. ग्रामीण खर्चात खाण्यापिण्याचा वाटा मोठा, त्यामुळे कांदा किंवा तूरडाळ भडकली की तो आकडा जास्त हलतो. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, वाढ मंदावली एवढंच. म्हणून दराशेजारी निर्देशांकही लिहा.

खरी अडचण रोजगाराची. मलाही सर्वात जास्त वेळ इथेच लागला. ‘बेरोजगारी घटली’ एवढा मथळा वाचून मत बनवू नका. समजा १५ वर्षांवरचे १,००० लोक आहेत. त्यांतले ४७५ कामावर आहेत आणि २५ काम शोधताहेत. म्हणजे श्रमशक्ती ५०० आणि बेरोजगारी ५ टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी १५ जण कंटाळून घरी बसले. श्रमशक्ती उरली ४८५, शोधणारे १०, आणि दर आला जेमतेम २ टक्क्यांवर. नोकरी एकालाही लागलेली नाही! म्हणून श्रमशक्ती सहभाग दर (१५ वर्षांवरच्या लोकांत श्रमशक्ती किती टक्के) आणि लोकसंख्येतलं कामगारांचं प्रमाण हे दोन्ही आकडे बेरोजगारीच्या दरासोबत लिहायचेच. वरच्या उदाहरणात कामगारांचं प्रमाण ४७.५ टक्क्यांवरच राहिलं, आणि खरं सांगणारा आकडा तोच.

दुसरा घोळ व्याख्येचा. रोजगाराचे हे आकडे सांख्यिकी मंत्रालयाच्याच नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात (पीएलएफएस) मिळतात. त्याच्या मासिक आणि तिमाही पत्रकांत ‘चालू साप्ताहिक स्थिती’ असते: मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात मोजला जातो. घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी हातभार लावणारेही त्यात येतात. वार्षिक अहवालात मात्र वर्षभराचा विचार करणारी ‘नेहमीची स्थिती’सुद्धा असते. हे दोन दर एका रकान्यात घालू नका. त्याच अहवालात पगारी, स्वयंरोजगारी आणि रोजंदारीवरचे किती हेही पाहा. पगारी नोकऱ्या घटून स्वयंरोजगार वाढला असेल, तर एकूण आकडा चांगला दिसला तरी मी त्याला सुधारणा म्हणणार नाही.

तिसरं, तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. खरिपाची पेरणी जूनमध्ये, तर ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बीडमधून साखर कारखान्यांकडे निघतात. लागोपाठच्या तिमाह्या ताडून पाहिल्या तर हंगामाचा फरकच बदल वाटेल. शिवाय जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची पद्धत बदलली आहे, त्यामुळे जुने तिमाही आकडे नव्यांना जोडून आलेख काढू नका. राज्याचा आकडा तिमाही पत्रकात मिळतो, जिल्ह्याचा तिथे नसतो.

उद्योजकांची मतं रिझर्व्ह बँकेच्या तिमाही औद्योगिक पाहणीत मिळतात. ती देशभराची असते. ४० टक्के कंपन्या मागणी वाढली म्हणाल्या, २५ टक्के घटली म्हणाल्या, तर निव्वळ प्रतिसाद १५. सुधारणा किती कंपन्यांत पसरली हे यातून कळतं, मागणी किती वाढली हे नाही.

जिल्ह्यापुरतं हवं असेल तर स्वतः विचारा. कृषी सेवा केंद्र, हार्डवेअरचं दुकान, ट्रान्सपोर्टवाला, लेथचं वर्कशॉप अशी आठ-दहा ठिकाणं कायमची ठरवा आणि प्रत्येक तिमाहीला एकच प्रश्न विचारा: ‘मागच्या वर्षी याच दिवसांत होता त्यापेक्षा धंदा जास्त, कमी की तेवढाच?’ रुपयांत आकडा मागू नका, लोक बिचकतात. आणि उत्तरं मनासारखी येत नाहीत म्हणून दुकानं बदलू नका.