सुप्रभातच्या चित्रांनी फोन भरतोय? माझा अनुभव (अँड्रॉइड)

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी तेच: वाफाळता चहा, झेंडूची फुलं, सुविचार. गॅलरी भरली, ‘स्टोरेज फुल’ येऊ लागलं. त्या ढिगात मामांच्या ऑपरेशनचा निरोप दोन दिवस दिसला नाही, तेव्हा मात्र फार वैताग आला.

गॅलरीतून हाताने पुसत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ८ तासांचं म्यूट रोज संपायचं. ग्रुप सोडला तर मावशी दुखावली, परत गेले.

शेवटी उपयोग झाला तो असा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी पुसलं की डाउनलोड चालूच राहतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज अँड डेटा’. तिथे ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’खाली मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग या तिन्हींत फोटो आणि व्हिडिओवरची खूण काढली. वाय-फायची विसरू नका, माझी तीच राहिली होती. नंतर ग्रुपच्या नावावर टिचकी मारून ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ला ‘नो’. हे फक्त पुढच्या चित्रांना लागू होतं, जुनी गॅलरीतच राहतात. म्हणून मग त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये तो ग्रुप उघडला, आजीचे फोटो आधी दुसरीकडे ठेवले आणि बाकीचं निवडून पुसलं.

अखेरीस ग्रुप ‘अर्काइव्ह’ केला, म्हणजे चॅटच्या मुख्य यादीतून बाजूला ठेवला. सेटिंग्जमधल्या ‘चॅट्स’मध्ये ‘कीप चॅट्स अर्काइव्हड’ चालू हवं, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येतो. मावशीला सांगून ठेवलंय, महत्त्वाचं असेल तर @ लावून माझं नाव लिही. तेवढी सूचना येते.