नवीन पिल्लू आणलंय? मग पेट इन्शुरन्स घ्यायच्या आधी हे बघा

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पट्टा, वाटी, बेड, खेळणी सगळं दोन दिवसांत गोळा होतं आणि मग कोणीतरी विचारतंच, इन्शुरन्स काढलात का. लगेच पुढचा प्रश्न हप्ता किती. माझं म्हणणं एवढंच की हप्ता हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा आहे, आधी पिल्लाचं वय बघा आणि पॉलिसी कितव्या महिन्यापासून मिळते ते बघा, कारण गडबड तिथेच होते.

आपल्याकडे पिल्लू बहुतेक वेळा ४५ दिवसांचं झालं की घरी येतं. खरं तर २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पण 'पंचेचाळीस दिवस झाले, घेऊन जा' हे वाक्य अजून सगळीकडे ऐकू येतं. इन्शुरन्स मात्र काही कंपन्या आठ आठवड्यांपासून देतात, बऱ्याच ठिकाणी तीन महिने पूर्ण लागतात, आणि काही प्लॅन तर सहा महिन्यांनंतरच सुरू होतात. पॉलिसी चालू झाली तरी आजारपणाला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे त्या काळात झालेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत, साधारण पंधरा दिवस ते महिना. आता हे सगळं जोडून बघा, पिल्लू घरात आल्यापासून बहुतेक वेळा पहिले दोन-तीन महिने तुम्ही कितीही पैसे द्यायला तयार असलात तरी आजारपणासाठी कव्हर जवळपास नाहीच. आणि पार्वो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबाने बेजार करणारा जीवघेणा विषाणूचा आजार, नेमका याच काळात गाठतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी होत जाते, लसीचे डोस अजून पूर्ण झालेले नसतात, मधली फट राहते, म्हणूनच तर डॉक्टर सहाव्या-आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे झाल्यावर द्या म्हणतात. त्यामुळे पहिलं काम म्हणजे या काळासाठी थोडी रक्कम बाजूला काढून ठेवा. पार्वो झाला तर पाच-सात दिवस सलाईन, इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, शहरातल्या खाजगी दवाखान्यात बिल सहज काही हजारांत जातं आणि ते तुमच्याच खिशातून जाणार आहे हे धरून चाला.

आता पॉलिसीत नक्की काय मिळतं ते. आपल्याकडे जनावरांचा विमा म्हटलं की मुळात गाई-म्हशींचा. जनावर दगावलं तर त्याच्या बाजारभावाइतके पैसे शेतकऱ्याला मिळणार, आणि कानात बिल्ला नसेल तर क्लेम नाही. जुन्या पद्धतीच्या कुत्र्यांच्या पॉलिसी याच वळणाच्या आहेत, कुत्रा गेला तर पैसे. आजही काही माहितीपत्रकांत सगळ्यात वर मोठ्या अक्षरात मृत्यूचं कव्हर असतं आणि उपचारांचा भाग खाली 'अ‍ॅड-ऑन' म्हणून. म्हशीच्या बाबतीत ते बरोबर आहे, तिच्यावर घर चालतं. पण आपण पिल्लू गेल्यावर पैसे मिळावेत म्हणून इन्शुरन्स काढतोय का, आपल्याला ते वाचवायला पैसे हवेत ना. त्यात मृत्यूच्या कव्हरची रक्कम बहुतेक जातीच्या किमतीवर ठरते, म्हणजे दत्तक घेतलेल्या देशी पिल्लाला तिथे किंमतच नाही. म्हणून माझ्या मते सर्जरी आणि हॉस्पिटलायझेशन हा भाग मुख्य, बाकीचं सगळं वरची कोथिंबीर.

हॉस्पिटलायझेशन या शब्दाची व्याख्या पॉलिसीत शोधून वाचा, अगदी बोट ठेवून. काही ठिकाणी सलग चोवीस तास अ‍ॅडमिट असण्याची अट असते. आपल्याकडचे निम्मे दवाखाने रात्री बंद होतात, पिल्लाला सकाळी सलाईन लावायला न्यायचं, संध्याकाळी घरी आणायचं, दुसऱ्या दिवशी परत न्यायचं, असंच चालतं. मग हे 'अ‍ॅडमिट' धरणार की ओपीडी? ओपीडी कव्हर नसेल तर तो सगळा खर्च बाहेर. हा प्रश्न कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या, फोनवरचा माणूस 'हो मॅडम सगळं कव्हर आहे' म्हणतो पण क्लेम तपासणारा माणूस वेगळा असतो.

दुसरी मोठी गोष्ट लसीची. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज हे लसीने टाळता येणारे आजार. काही पॉलिसी ते सरळ वगळतात, काही म्हणतात डोस वेळेवर झालेले असतील तर देऊ. दुसऱ्या प्रकारची मिळाली तर चांगलंच, पण मग वेळेवर म्हणजे वेळेवर, दहा दिवस उशीर झाला की तेच कारण पुढे येतं. आणि डोसचं कार्ड नीट असलं पाहिजे: बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. ब्रीडरने 'पहिला डोस आम्ही दिलाय' म्हणून नुसती तारीख लिहून दिली असेल तर तो धरला जाईलच असं नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा, ते बहुतेक पुन्हा पहिल्यापासून कोर्स सुरू करतील. पुणे-मुंबई-कोकणात लेप्टोकडे विशेष लक्ष ठेवा, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होतो आणि माणसालाही होतो. गोचीड तापाला मात्र अशी नेहमीची लस नाही, त्यामुळे गोचिडीपासून होणारे आजार कव्हर आहेत का हे वेगळं विचारा, आपल्या हवेत हा प्रश्न अगदी नेहमीचा आहे.

जातीप्रमाणेही बघायला लागतं. लॅब (लॅब्रॅडोर), गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड असेल तर हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, पग आणि फ्रेंच बुलडॉगला श्वासाचा त्रास, डॅशहंडला मणक्याच्या चकतीचा. हे आजार 'जन्मजात' किंवा 'आनुवंशिक' या नावाखाली वगळलेले असतील तर मोठा संभाव्य खर्चच यादीतून बाहेर गेला, मग ती पॉलिसी स्वस्त असणारच. देशी पिल्लू असेल तर आधी हे विचारा की देशी आणि मिक्स जात घेता का, काही प्लॅन घेतात, काहींना केनेल क्लबचा, म्हणजे शुद्ध जातीच्या नोंदणीचा, कागद लागतो. देशी कुत्र्यांना हे आनुवंशिक त्रास तसे कमी, त्यामुळे त्यांच्यासाठी अपघात आणि सर्जरीचं कव्हर धडधाकट असलं की बरंचसं काम होतं.

अपघात म्हणजे नुसती गाडीची धडक नाही. लॅबची पिल्लं मे महिन्यात आंब्याची कोय गिळतात, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दांडा, आणि मोजे तर बाराही महिने. कोय आतड्यात अडकली की पोट उघडावं लागतं, एक्स-रे, सोनोग्राफी, भूल, ऑपरेशन, नंतरचे तीन-चार दिवस. 'बाहेरची वस्तू गिळणे' हे अपघातात धरतात की आजारात की धरतच नाहीत हे विचारून ठेवा, कारण अपघाताला वेटिंग पिरियड कमी असतो किंवा नसतो, आजाराला असतो. पिल्लाच्या पहिल्या वर्षात या एका उत्तरावर बराच फरक पडतो.

आता पैशांचं गणित एकदा करून बघू. समजा कव्हर ५०,००० चं आहे आणि ऑपरेशनचं बिल ३८,००० झालं. त्यातले ६,००० स्पेशल खाणं, व्हिटॅमिन आणि यादीत नसलेल्या गोष्टींचे, ते गेले. राहिले ३२,०००. को-पे (प्रत्येक क्लेममधला तुमचा ठरलेला वाटा) २० टक्के, म्हणजे ६,४०० तुमचे. कंपनी देणार २५,६००, तुमच्या खिशातून १२,४००. वर जर ऑपरेशनला २०,००० ची सब-लिमिट, म्हणजे त्या एका गोष्टीपुरती वेगळी मर्यादा, असेल तर कव्हर ५०,००० चं असूनही हातात २०,००० च्या वर काही येणार नाही. म्हणून दोन पॉलिसींची तुलना करताना वरचा मोठा आकडा नका बघू, हेच बिल दोन्हीकडे लावून बघा, दहा मिनिटं लागतात आणि जी स्वस्त वाटत होती ती बऱ्याचदा महाग निघते. हप्ता विचारताना जीएसटी धरून विचारा.

हे सगळं कुठे सापडतं? वेबसाइटवरच्या रंगीत पानावर नाही. 'पॉलिसी वर्डिंग' नावाची पीडीएफ असते, ती मागा किंवा डाउनलोड करा आणि थेट एक्सक्लूजनच्या, म्हणजे काय कव्हर नाही त्या, भागात जा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण चहा घेऊन बसा. आणि एक लक्षात ठेवा, हल्ली 'पेट केअर प्लॅन', 'मेंबरशिप' अशा नावांनी बरंच काही विकलं जातं, त्यात डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल, ग्रुमिंगवर सूट वगैरे असतं, ते वाईट नाही पण तो इन्शुरन्स नाही. खरी पॉलिसी असेल तर आयआरडीएआय या विमा नियामकाकडे नोंदणी असलेल्या विमा कंपनीचं नाव आणि त्या प्रॉडक्टचा यूआयएन हा ओळख क्रमांक कागदावर असतो. नसेल तर विचारा की क्लेमचे पैसे कोण देणार.

फॉर्म भरायच्या आधी पिल्लाची एक नीट तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांकडून लेखी घ्या की आज तारखेला पिल्लू ठणठणीत आहे. काही असलं, म्हणजे बेंबीचा हर्निया, त्वचेची खाज, एका बाजूने लंगडणं, तर ते फॉर्ममध्ये लिहा. लपवून काही फायदा नाही, क्लेमच्या वेळी आधीचे सगळे केसपेपर मागतात आणि मग 'आधीपासूनचा आजार' म्हणून तो क्लेमही जातो आणि कधी कधी पूर्ण पॉलिसीच.

मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात, पंधरा आकडी नंबर असतो. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचं काम इथे ही चिप करते, म्हणजे हाच तो कुत्रा हे सिद्ध होतं, काही कंपन्या त्यावर हप्त्यात सूटही देतात. चिप नसेल तर निदान चारही बाजूंनी आणि अंगावरच्या खुणांचे फोटो काढून ठेवा, आणि पिल्लू वाढतं तसे नवीन काढत जा, तीन महिन्यांचा गोळा आणि वर्षाचा कुत्रा यात काही साम्य राहत नाही. महापालिकेचा परवानाही काढा, तसाही तो लागतोच.

थर्ड पार्टी लायबिलिटी, म्हणजे तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याला इजा केली तर भरपाई. सोसायटीत राहत असाल तर हे घ्या, लिफ्ट, लहान मुलं, डिलिव्हरीवाले, पिल्लाचे दात शिवशिवत असतात आणि त्याला खेळ वाटतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तो दंड काही इन्शुरन्स भरणार नाही, पण समोरच्याच्या दवाखान्याच्या खर्चाचा दावा आला तर उपयोग होतो. चोरी किंवा हरवण्याचं कव्हर मी फारसं महत्त्वाचं धरत नाही, अगदी महागडी जात असेल तर बघा, पोलिस तक्रारीची प्रत लागते.

क्लेम बहुतेक ठिकाणी आधी तुम्ही भरा मग आम्ही देतो असाच असतो, कॅशलेस फार कमी ठिकाणी. त्यामुळे इन्शुरन्स असला तरी हाताशी पैसे लागतातच. दवाखान्यात छापील बिल मागायची लाज वाटू देऊ नका, आपले डॉक्टर साध्या कागदावर आकडा लिहून देतात आणि आपण जीपे करून निघतो, तो कागद क्लेमला चालत नाही. बिल, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, सगळ्यावर पिल्लाचं नाव आणि डॉक्टरांचा कौन्सिल रजिस्ट्रेशन नंबर हवा. घरी आल्या आल्या फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. कंपनीला किती तासांत कळवायचं तेही बघून ठेवा, ऑपरेशनच्या धावपळीत हेच राहून जातं.

इन्शुरन्स घ्यायचाच नसेल तर? तोही एक मार्ग आहे, हप्त्याची रक्कम दर महिन्याला बँकेतल्या वेगळ्या आरडीत (रिकरिंग डिपॉझिटमध्ये) टाकायची. दोन-तीन वर्षं काही झालं नाही तर चांगले पैसे जमतात, पण चौथ्या महिन्यात पाय मोडला तर आरडीत हजार-दोन हजार असणार. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, गच्ची-जिना-रस्ता असं घर असेल, तर मी दोन्ही करेन, सर्जरीची साधी पॉलिसी आणि छोटी आरडी. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटलसारखी कमी खर्चातली सोय आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल सुरू झालंय, ते जवळ असेल तर गणित थोडं बदलतं. तालुक्याच्या गावी असाल तर जवळचं ऑपरेशन करणारं ठिकाण किती लांब आहे ते आधी बघा, नाहीतर कव्हर आहे पण वापरायला जागा नाही.

क्लेम नाकारला आणि तुम्हाला पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आयआरडीएआयचा फोन १५५२५५. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं असतं.

आणि रिन्यूअलची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीची लावा. पॉलिसी तुटली की वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून, मधल्या काळात झालेला प्रत्येक आजार 'आधीपासूनचा' ठरतो, आणि नव्याने घ्यायला वयाची मर्यादा असते, मोठ्या जातींना तर ती आणखी लवकर संपते.