फोटो संपादनाचे पहिले सॉफ्टवेअर निवडताना
पैसे मोजण्यापूर्वी आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे ठरवावे. घरच्या समारंभाचे काळपट फोटो उजळणे किंवा तिरकी चौकट सरळ करणे एवढेच काम असेल, तर मोबाइलवरील मोफत स्नॅपसीड पुरते. त्यातील ‘सिलेक्टिव्ह’ साधन निवडून चेहऱ्यावर बोट टेकवले आणि उजवीकडे सरकवले, की मागच्या भिंतीला फारसा धक्का न लागता चेहरा उजळतो. संगणकावर लेअर (एकमेकांवर ठेवलेले, वेगवेगळे बदलता येणारे चित्राचे थर) वापरून काम करायचे असल्यास १९९६ पासून उपलब्ध असलेले मोफत गिंप घ्यावे. मात्र त्यात ‘सेव्ह’ केल्यावर गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते आणि नेहमीच्या जेपीईजी फोटोसाठी ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. नवशिके (एकेकाळी मीसुद्धा) इथेच हमखास अडखळतात. काहीच इन्स्टॉल करायचे नसेल, तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालते. मासिक वर्गणीची सॉफ्टवेअर तूर्त टाळावीत.