संथ प्रवाहाचा सॉल्व्हर (प्रवाहाची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) लिहायचाय? आधी दाबाकडे बघा

वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.३ पटीखाली असेल, तर घनता स्थिर धरून चालतं. पण मग दाबाला काळात पुढे सरकणारं स्वतःचं समीकरणच उरत नाही; वेगाचं डायव्हर्जन्स (एखाद्या जागेतून निव्वळ किती प्रवाह बाहेर पडतो त्याचं माप) शून्य ठेवणं एवढंच त्याचं काम. खरी मेहनत तिथेच आहे.

नवख्यांना मी झाकण सरकणाऱ्या चौकोनी पोकळीपासून सुरुवात करायला सांगतो. बाजू १, झाकणाचा वेग १, रेनॉल्ड्स संख्या (वेग × बाजू भागिले व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा) १००, जाळी ६४ × ६४ पेशींची. दाब पेशीच्या मध्यावर, वेग तिच्या कडांवर ठेवा (हार्लो आणि वेल्श, १९६५). सगळं एकाच बिंदूवर ठेवलंत तर दाबात बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी उमटू शकते आणि समीकरणांना तिचा पत्ताही लागत नाही.

पुढे कोरिन यांची १९६८ची पद्धत: दाब बाजूला ठेवून तात्पुरता वेग काढा, त्याच्या डायव्हर्जन्सवरून दाबाचं समीकरण (पॉयसन समीकरण) सोडवा, मग मिळालेल्या दाबाचा उतार वापरून वेग दुरुस्त करा. भिंतींवर दाबाचा लंब उतार शून्य असल्याने उत्तर एका स्थिरांकापुरतं मोकळं राहतं. एका पेशीत दाब शून्य बांधून टाका. संगणकाचा बहुतेक वेळ हे पॉयसनच खातं, म्हणून जेकोबीवर (साधी पण हळू पुनरावृत्तीची पद्धत) अडून न राहता मल्टिग्रिड (जाड-बारीक जाळ्या आळीपाळीने वापरणारी वेगवान पद्धत) शिका.

टाइम स्टेप? जास्तीत जास्त पेशीच्या रुंदीचा वर्ग भागिले चार पट व्हिस्कॉसिटी (इथे ०.०१), म्हणजे सुमारे ०.००६. मी ०.००४ घेतो.

रंगीत चित्रांवर माझा विश्वास नाही. उभ्या मध्यरेषेवरचा आडवा वेग तपासा: याच पोकळीसाठी घिया आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या १९८२च्या तक्त्यात त्याचं किमान मूल्य −०.२११ आहे. तुमचं −०.१८ येत असेल, तर आधी अपविंड योजनेवर (प्रवाह जिकडून येतो तिकडची मूल्यं घेणारी, पण उत्तर बोथट करणारी) संशय घ्या.