बोअरची गाडी बोलावण्याआधी

"काकू, सोमवारी गाडी येऊन राहिली. पाणाड्या पाहून गेला, नारळ उभा झाला त्याच्या हातावर." पुतण्याचा फोन. मी विचारलं, "अन् टेप?" "टेप काहून?"

त्याला अर्धा तास जे सांगितलं, तेच इथं लिहिते. मी वरुड तालुक्यात साडेतीन एकर संत्रा सांभाळते. पाच वर्षं गावची सरपंच होते, म्हणून पाण्याची भांडणं मिटवायचा अनुभव बागेपेक्षा जास्त आहे.

आमच्या भागाला लोक 'ड्राय झोन' म्हणतात. सरकारी कागदावरचे शब्द वेगळे आहेत. जमिनीत दरवर्षी जेवढं वापरण्याजोगं पाणी मुरतं, त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट (म्हणजे ज्या भागाचं पाणी वाहून एकाच नाल्याला मिळतं तो भाग) 'सुरक्षित'. ९० पर्यंत 'अंशतः शोषित', १०० पर्यंत 'शोषित' आणि त्याच्या वर 'अतिशोषित'. गट नंबर घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा आणि आपलं शेत कशात येतं ते विचारा. शेजारच्याला विचारून भागत नाही, कारण हिशोब पाणलोटाचा असतो. नाल्याच्या या काठाचं आणि टेकडीपलीकडचं शेत वेगवेगळ्या पाणलोटांत असू शकतं. रोजगार हमीतून विहीर मागणार असाल तर हे आधीच करा. अतिशोषित पाणलोटात एकट्याच्या नावानं विहीर मिळत नाही, अर्जामागचे हेलपाटे तेवढे पदरात पडतात.

आता टेप. गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर जिथं आहे, तिथून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हा नियम १९९३ च्या कायद्यापासून आहे. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा म्हणतात, पण लागू झाला २०१४ मध्ये. अंतर सरळ रेषेत धरा, पांदणीच्या वळणानं नाही. मोबाइलच्या नकाशावर दोन टोकं लावली की अंदाज येतो. आकडा साडेचारशे-साडेपाचशेच्या दरम्यान आला तर मात्र शेतात उतरून मोजा. टंचाई जाहीर झाली की एक किलोमीटरच्या आतल्या जुन्या विहिरींच्या उपशावरही निर्बंध येऊ शकतो.

एवढं ताणून का सांगते? मी सरपंच असताना एकानं नळयोजनेच्या विहिरीपासून तीनशे मीटरवर रातोरात बोअर मारला. पाणी दणदणीत लागलं, पेढेही वाटले. पुढच्या एप्रिलात नळयोजनेची मोटर दहा मिनिटांत हवा ओढायला लागली. काळ्या पाषाणात पाणी फटींमध्ये असतं, आणि फट काही धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, थांबत नाही. पेढे खाल्लेल्या बायाच रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या.

खोलीचं पाहू. गाडीवाला फुटांत बोलतो, कायदा मीटरमध्ये. कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे १९७ फुटांच्या खाली गेलेली विहीर 'खोल विहीर' ठरते. शेतीसाठी अशी नवी खोल विहीर घेण्यावर बंदीची तरतूद आहे, आणि अधिसूचित क्षेत्रातल्या (भूजल जपायला सरकारनं जाहीर केलेल्या भागातल्या) जुन्या खोल विहिरींवर उपकर लावता येतो. आमच्याकडे सहाशे-आठशे फुटांच्या गोष्टी पारावर उघड चालतात, ते मला ठाऊक आहे. तरी कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. उद्या शेजाऱ्यानं तक्रार केली तर गाडीवाला तुमच्यासोबत तहसीलला येणार नाही.

त्या गाडीची नोंदणी आहे का, तो कागद पाहायला मागा. फुटाचा भाव आणि केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये वरून बसवायच्या पाइपाचा, भाव वेगवेगळा लिहून घ्या. रॉड खाली जायला लागायच्या आधी एका रॉडची लांबी स्वतः मोजा, मग खाट टाकून रॉड मोजत बसा. चहाला उठलात की दोन रॉड वाढतात!

बोअर फेल गेला तर तो तसाच सोडू नका, वर गोणपाट अन् दगड ठेवून तर अजिबात नाही. पोरं पडून मेल्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नियम घालून दिले: सोडलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायचा. चालू बोअरच्या केसिंगला लोखंडी झाकण हवं आणि भोवती सिमेंटचा ओटा.

विहीर असो की बोअर, सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. भावाभावांत सामाईक विहीर असेल तर हिस्सा स्पष्ट लिहिलेला पाहिजे. वाटणीनंतर आमच्याकडे पाण्याच्या पाळीवरून जेवढी डोकी फुटली, तेवढी धुऱ्यावरून फुटली नसतील.

आणि एक फुकटचं काम. दोरीला फुटा-फुटावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. सकाळी मोटर सुरू करायच्या आधी विहिरीत सोडा, काठापासून पाणी किती खाली आहे ते कॅलेंडरवर लिहा. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर एवढे चार वेळा पुरे. भूजलवालेही त्यांच्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजतात. माझ्याकडे नऊ वर्षांची कॅलेंडरं आहेत. ती पाहूनच मी अर्धी बाग अंबिया बहरावरून (हिवाळा सरताना येणारी फुलं) मृग बहरावर (पावसाळ्याच्या तोंडी येणारी फुलं) नेली, कारण मृगाच्या झाडांना भर उन्हाळ्यात तान द्यायचा असतो, पाणी नाही. बोअरचे पैसे वाचले. उरलेल्या बागेला मे महिन्यातही दोन तास मोटर चालते.

पुतण्यानं रविवारी टेप लावला. ३८० मीटर भरलं. गाडी रद्द झाली, आता जुन्या विहिरीचा गाळ काढणं सुरू आहे. गाडीवाल्याकडचा अॅडव्हान्स अजून परत आलेला नाही.